माडाखालची जमीन : नारळ-सुपारीच्या बागांतील कंद व मसाला आंतरपिकांचा हिशोब

रायगड-रत्नागिरीत जिला आगर म्हणतात, सिंधुदुर्गात वाडी आणि गोव्यात कुळागर, ती माडा-पोफळींची बाग मुळात एका पिकाची कधीच नव्हती. माडाच्या बुंध्यावर मिरवेल, दोन माडांमध्ये केळ, बांधाला सुरण, पाटाच्या कडेने अळू, कुंपणावर कारांदे आणि सावलीच्या कोपऱ्यात हळद-आल्याचे चार वाफे ही तिची जुनी मांडणी होय. पुढील काळात मात्र अनेक बागा केवळ नारळाच्या किंवा केवळ सुपारीच्या झाल्या. घरातील कर्ते पुरुष मुंबईला किंवा आखाती देशांत गेले, वारसांच्या वाटण्यांनी बागेचे दहा-दहा, वीस-वीस गुंठ्यांचे तुकडे पडले, आणि वर्षातून चार वेळा पाडेली बोलावून नारळ उतरवणे एवढीच शेती उरली. माडाखालच्या जमिनीत गवत वाढू लागले.

अशा बागेच्या मालकाला जेव्हा आंतरपिकाचा सल्ला दिला जातो, तेव्हा त्यात एक आकडा हमखास असतो : नारळाच्या बागेतील सुमारे तीन-चतुर्थांश जमीन रिकामी पडून असते. हा आकडा ऐकून उत्साहाने आले लावले जाते. पहिल्या वर्षी पीक बरे येते, दुसऱ्या वर्षी कंद कुजतो, तिसऱ्या वर्षी वाफ्यांवर पुन्हा गवत उगवते आणि ‘आमच्या मातीला ते मानवत नाही’ असा निर्वाळा मिळतो. वास्तविक दोष बहुधा मातीचा नसतो. जागा रिकामी आहे म्हणजे ती फुकट आहे, असे गृहीत धरल्याचा तो परिणाम असतो. प्रस्तुत लेखात या आकड्याचा नेमका अर्थ काय आणि त्यावरून कोणत्या बागेत कोणते पीक घ्यावे, याचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका

माडाला मिरवेल जोडण्याची रीत किती जुनी आहे, याचा एक चांगला पुरावा अरबी प्रवासवर्णनात सापडतो. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता इ. स. १३४२च्या सुमारास दिल्लीहून दक्षिणेत उतरला. होन्नावर, गोवा (त्याच्या लेखनात ‘संदाबूर’) आणि मलबार हे प्रदेश त्याने पाहिले. मिरीची वेल द्राक्षवेलीसारखी असून ती नारळाच्या झाडाजवळ लावतात व ती त्यावर चढते, असे त्याने आपल्या ‘रिहला’त नोंदवले आहे. मलबारात प्रत्येकाची स्वतंत्र बाग आणि बागेच्या मध्यभागी त्याचे घर असते, हेही त्याच्या नजरेतून सुटले नाही. आज ज्याला ‘परसबाग पद्धती’ असे शास्त्रीय नाव मिळाले आहे, तिचेच हे वर्णन आहे. मिरीच्या व्यापारासाठी अरबी जहाजे या किनाऱ्याला येत होती हे इतिहासाच्या पुस्तकांत असते. ती मिरी माडाच्या आधाराने वाढलेले आंतरपीकही होती, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

या परंपरेचा शास्त्रीय अभ्यास विसाव्या शतकात झाला. कासरगोड येथे १९१६ मध्ये नारळ संशोधन केंद्र सुरू झाले. पुढे १९७० मध्ये तेथे केंद्रीय रोपण पिके संशोधन संस्था स्थापन झाली. या संस्थेतील नेल्लियाट, बावप्पा आणि नायर या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये ‘बहुमजली पीक पद्धती’ची संकल्पना मांडली. वरच्या मजल्यावर माडाचा शेंडा, त्याखाली बुंध्यावरची मिरी, त्याखाली कोको किंवा जायफळासारखी मध्यम उंचीची झाडे आणि जमिनीलगत अननस, हळद, आले वा कंद अशी ही इमारत आहे. कुळागर पाहिलेल्या माणसाला यात नवे काही वाटणार नाही. नवे होते ते मोजमाप.

मुळांचा हिशोब

माड हे एकदल झाड असल्याने त्याला सोटमूळ नसते. बुंध्याच्या तळातून हजारो दोरीसारखी मुळे निघतात. कासरगोडच्या पाहणीत असे आढळले की चांगली निगा असलेल्या मोठ्या माडाची सुमारे ७४ टक्के मुळे बुंध्यापासून २ मीटरच्या आत असतात, आणि खोलीच्या दृष्टीने सुमारे ८२ टक्के मुळे ३१ ते १२० सेंटिमीटरच्या थरात असतात. म्हणजे वरचा फूटभर मातीचा थर माड फारसा वापरत नाही. आले-हळदीचे कंद नेमके याच थरात वाढतात.

आता ७.५ मीटर अंतरावर चौरस पद्धतीने लावलेली बाग घेऊ. प्रत्येक माडाच्या वाट्याला ५६.२५ चौरस मीटर जमीन येते, म्हणजे हेक्टरी सुमारे १७७ माड. प्रत्येकाभोवती २ मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले तर त्याचे क्षेत्रफळ १२.५७ चौरस मीटर भरते. हे प्रमाण २२ टक्के आहे. उरलेली ७८ टक्के जमीन माडाची मुळे फारशी वापरत नाहीत. ‘तीन-चतुर्थांश जमीन रिकामी’ हा आकडा असा निघतो, आणि तेवढ्यापुरता तो बरोबर आहे.

परंतु रिकामी जमीन आणि लागवडीची जमीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माडांच्या दोन ओळींतील ७.५ मीटरमधून दोन्ही बाजूंचे दोन-दोन मीटर वजा केले की साडेतीन मीटरचा पट्टा उरतो. आल्यासाठी एक मीटर रुंदीचा गादीवाफा आणि अर्ध्या मीटरची चर लागते. अर्धा, एक, अर्धा, एक, अर्धा अशी बेरीज केली की साडेतीन मीटरमध्ये फक्त दोन वाफे बसतात. साडेसात मीटरमागे दोन मीटर वाफा, म्हणजे २७ टक्के जमीन. त्याच ओळीतील दोन माडांमधली जागा उरते, पण तेथे वाट, पाट आणि पडणाऱ्या झावळ्या-नारळांसाठी मोकळीक ठेवावी लागते. सबब ७८ टक्क्यांवरून प्रत्यक्ष वाफ्याचे क्षेत्र २७ टक्क्यांवर येते.

हा फरक कागदी नाही. पुस्तकात आल्याचे बियाणे हेक्टरी १५०० ते १८०० किलो दिलेले असते, ते सलग पिकासाठी. सलग पिकातही चरी सोडाव्या लागतात आणि वाफ्याचे क्षेत्र सुमारे ६७ टक्के असते. तेव्हा माडाच्या बागेत सलग पिकाच्या चाळीस टक्केच आले बसते. दहा गुंठ्यांच्या बागेला १५०-१८० किलो नव्हे, ६० ते ७२ किलो बियाणे पुरते. ज्याने दीडशे किलो आणले तो उरलेले वाया का घालवायचे म्हणून माडाच्या आळ्यातच लावतो. तेथे माडाला दिलेले पाणी साचून कंद कुजतो, आणि काढणीच्या वेळी कुदळीने माडाची पोसणारी मुळे तुटतात. नुकसान दोन्हीकडे होते.

प्रकाशाचा हिशोब

मुळांपेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे ऊन, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. जमीन कितीही मोकळी असली तरी वरून प्रकाश न आल्यास पानांत अन्न तयार होत नाही व कंदात साठा होत नाही.

माडाच्या आयुष्यात या दृष्टीने तीन टप्पे पडतात. लावल्यापासून साधारण आठव्या वर्षापर्यंत झाड लहान असते. प्रारंभी भरपूर ऊन मिळते आणि झावळ्या पसरतील तसे ते कमी होत जाते. आठ ते पंचवीस वर्षे हा सर्वांत दाट सावलीचा काळ. बुंधा आखूड, झावळ्या लांब, शेजारच्या झावळ्या एकमेकींत गुंतलेल्या. या काळात जमिनीपर्यंत सुमारे एक-पंचमांशच प्रकाश पोहोचतो. पंचविशीनंतर माड उंच होतो, शेंडा आटोपशीर होतो, आणि तिरपे ऊन खाली येऊ लागते. चाळिशीच्या सुमारास जवळजवळ निम्मा प्रकाश जमिनीवर मिळतो.

तेव्हा ‘नारळाच्या बागेत कोणते आंतरपीक घ्यावे?’ हा प्रश्नच अपुरा आहे. बागेचे वय विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही. पाच वर्षांच्या बागेत रताळेही येईल. पंधरा वर्षांच्या बागेत तेच रताळे नुसते वेल माजवील. टॅपिओकाचेही तसेच आहे : सावलीत तो उंच वाढतो आणि खाली कंद भरत नाही. आल्याला मात्र पाव हिश्श्याएवढी हलकी सावली उघड्या उन्हापेक्षा मानवते. अळू, सुरण, हळद, कोनफळ ही पिके मध्यम सावली सोसतात. सोसतात याचा अर्थ उघड्या रानाइतकेच उत्पन्न देतात असा नव्हे.

आठ ते पंचवीस वर्षांच्या बागेबद्दल शास्त्रज्ञांचा सल्ला आंतरपीक टाळावे असाच राहिला आहे. दुर्दैवाने कर्जाचा हप्ता आणि मुलांच्या फीची गरज याच वर्षांत असते. अशा बागेत पैसे घालून वाफे करण्यापेक्षा बांधावर, पाटाच्या तोंडाशी किंवा माड मेलेल्या जागी पडलेल्या उजेडात थोडे कंद घेणे शहाणपणाचे ठरते.

सावली मोजण्यासाठी महागडे यंत्र हवेच असे नाही. पन्नास मीटर दोरीला दर अर्ध्या मीटरवर खूण करावी, ती बागेतून तिरपी ताणावी, आणि सकाळी नऊ, दुपारी बारा व तीन वाजता किती खुणा उन्हात आहेत ते मोजावे. शंभरांपैकी तीसच खुणांवर ऊन असेल तर आल्याचा विचार सोडून अळूकडे वळावे. दोन वेगवेगळ्या वयांच्या बागांत हे मोजमाप करणे हा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी एका दिवसाचा उत्तम प्रकल्प आहे. वनस्पतिशास्त्र, भूगोल आणि संख्याशास्त्र या तिन्ही विषयांच्या शिक्षकांना त्यात काम आहे.

कंदपिके

सुरण हे माडाखालचे सर्वांत विश्वासू पीक म्हणता येईल. एप्रिल-मे महिन्यात लावावा, पावसावर वाढवावा, पाने पिवळी पडून खोड लवंडले की डिसेंबर-जानेवारीत काढावा. त्याची खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे असते, आणि चिंच किंवा आमसूल घालून शिजवण्याची किनाऱ्यावरील रीत त्यावरचा उतारा आहे. ‘गजेंद्र’ ही आंध्र प्रदेशातून आलेली जात जवळजवळ न खाजणारी असल्याने बाजारात तिला मागणी असते. नव्वद सेंटिमीटर अंतराने लावलेल्या सुरणाला गादीवाफ्याची गरज नसते, खड्डा पुरतो. त्यामुळे आल्यासाठी अडचणीची ठरलेली वेडीवाकडी जागाही सुरणाला चालते. मुख्य खर्च बियाण्याचा असतो, कारण एकेका खड्ड्यात अर्धा ते एक किलोचा तुकडा जातो. ज्याने एक वर्ष घरचे बियाणे राखले त्याचा हा खर्च पुढे उरत नाही.

कोनफळ, कणगी आणि कारांदे ही वेलवर्गीय कंदपिके गोवा व तळकोकणात घरोघर होती. आज ती हिवाळ्यात आठवडी बाजारातील म्हाताऱ्या विक्रेत्या बायकांच्या टोपलीत दिसतात. तिरुवनंतपुरम येथील केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेने (स्थापना १९६३) कोनफळाची ‘श्री कीर्ती’ ही जात नारळ व केळीच्या बागेतील आंतरपीक म्हणून सुचवली आहे. या वेलींना आधार लागतो. दोन माडांना काथ्याची दोरी बांधून तिच्यावर वेल सोडल्यास वेगळ्या काठ्या लागत नाहीत. बियाणे विकत मिळणे अवघड, म्हणून जुन्या घरांच्या परसातून ते जमवावे लागते. हे काम एखाद्या महाविद्यालयाच्या निसर्ग मंडळाने केले तर नामशेष होत चाललेले वाण तरी टिकतील.

आले व हळद यांना बाजार आहे, म्हणून त्यांचा मोह अधिक. दोन्ही मे अखेर ते जूनच्या प्रारंभी लागतात. ओले आले सहा महिन्यांत, सुंठीचे आठ महिन्यांत निघते, तर हळद सात ते नऊ महिन्यांत. हळदीला आणखी एक उत्पन्न आहे : श्रावण-भाद्रपदात पातोळ्यांसाठी तिची पाने विकली जातात. पाने सरसकट कापली की कंद बारीक राहतो, एवढे भान ठेवावे. सीमाभागातील शेतकऱ्यांना सांगलीचा हळद बाजार जवळ आहे, तरी माडाखालच्या पाच-सहा गुंठ्यांची हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून तिथवर नेणे परवडत नाही. ती ओली विकणे किंवा घरी दळून गावातच खपवणे सोयीचे.

आल्याचा खरा शत्रू कंदकूज आहे. ‘पिथियम’ वर्गातील बुरशीमुळे ती होते आणि पाणी साचलेल्या मातीत फोफावते. निचऱ्याचे उंच वाफे, रोगमुक्त बियाणे, मँकोझेबच्या ०.३ टक्के द्रावणात अर्धा तास बुडवून केलेली बीजप्रक्रिया आणि लावताक्षणी हिरव्या पालापाचोळ्याचे आच्छादन हे उपाय सर्वश्रुत आहेत. न पाळला जाणारा उपाय एकच, तो म्हणजे जागा बदलणे. त्याच वाफ्यात दुसऱ्या वर्षी आले लावू नये. अनेक जण आल्यानंतर हळद लावून फेरपालट केल्याचे समाधान मानतात. परंतु दोन्ही एकाच कुळातील पिके असून पिथियम दोघांनाही लागतो. आल्यानंतर अळू, सुरण किंवा चवळीसारखे द्विदल पीक घ्यावे आणि तीन वर्षांनी त्या वाफ्याकडे परत यावे. म्हणजे पट्ट्याचे तीन भाग करून दरवर्षी एकाच भागात आले. वर काढलेले २७ टक्के येथे नऊ टक्क्यांवर येतात. उत्साहाच्या पहिल्या वर्षी हे कोणी मोजत नाही.

गोवा आणि कोकणच्या डोंगराकडील बागांत रानडुक्कर व साळिंदर यांचा उपद्रव हा स्वतंत्र प्रश्न झाला आहे. रताळे, कोनफळ व अळू एका रात्रीत उकरले जातात. आले-हळद त्यांना तुलनेने कमी आवडते. गावाच्या मध्यभागातील बाग आणि जंगलालगतची बाग यांना एकच पीक सुचवणे म्हणूनच योग्य नाही.

मसाला पिके

कंद एका वर्षाचे, मसाल्याची झाडे पिढीची. म्हणून त्यांच्या बाबतीत चूक महाग पडते.

रत्नागिरीजवळील भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्राने ‘लाखीबाग’ ही मांडणी लोकप्रिय केली. चार माडांच्या मध्यावर जायफळ, दोन माडांमध्ये दालचिनी, बुंध्यावर मिरी, आणि ही झाडे मोठी होईपर्यंत केळी व अननस अशी तिची सर्वसाधारण रचना आहे. नावातच लाखाच्या उत्पन्नाची आशा आहे. तिचा शहाणपणा मात्र रकमेत नसून क्रमात आहे : केळी लवकर पैसे देते, मग मिरी व दालचिनी, आणि सर्वांत शेवटी जायफळ.

जायफळाची नर व मादी झाडे वेगळी असतात आणि रोपापासून वाढवलेल्या झाडाला फूल येईपर्यंत, म्हणजे पाच ते आठ वर्षे, लिंग कळत नाही. निम्मी झाडे नर निघाली तर बाग फसते. दहा मादी झाडांना एक नर पुरतो. म्हणून कलमेच घ्यावीत. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण सुगंधा’ व ‘कोकण स्वाद’ या जाती कलमांच्या रूपाने मिळतात. जायफळाला सावली लागते, म्हणून माड मोठे झाल्यावरच ते लावायचे. त्याला फेब्रुवारी ते मे पाणीही लागते. येथे कंद व मसाला यांतील मोठा भेद दिसतो : सुरण-हळद पावसावर वाढून उन्हाळ्यापूर्वी जमिनीतून निघून जातात, त्यामुळे पाण्यासाठी त्यांची माडाशी स्पर्धा होत नाही. जायफळ ऐन टंचाईत माडाच्या शेजारी तहानलेले उभे असते. जिथे विहीर मार्चमध्ये तळ गाठते तिथे लाखीबाग करू नये.

मिरीच्या निवडीत एक चूक वारंवार होते. ‘पन्नियूर-१’ ही केरळातील पन्नियूर केंद्राची संकरित जात उत्पादनासाठी प्रसिद्ध आहे आणि रोपवाटिकांत तीच हाती ठेवली जाते. पण ती दाट सावलीत चांगली फळत नाही. उंच माडांच्या उजेडी बागेत ती योग्य, दाट पोफळीत ‘करिमुंडा’सारखी सावली सोसणारी जात बरी. माडावर मिरी चढवताना रोप बुंध्याला खेटून न लावता सुमारे एक मीटर अंतरावर, उत्तर किंवा ईशान्य बाजूस लावतात, म्हणजे हिवाळ्या-उन्हाळ्यातील दक्षिणेकडचे कडक ऊन कोवळ्या वेलीला लागत नाही. आणखी एक व्यावहारिक अडचण पुस्तकांत नसते. वेल चढलेल्या माडावर यंत्राने चढता येत नाही, शिडी लावावी लागते. पाडेली मिळण्याची आधीच मारामार असताना सर्वच माडांवर मिरी सोडणे म्हणजे नारळ उतरवण्याचा खर्च वाढवणे होय. एकाआड एक माडावर मिरी हा तडजोडीचा मार्ग आहे.

दालचिनी सर्वांत कमी मागणी करणारे झाड. तीन-चार वर्षांनी बुंध्यातून छाटावे, फांद्यांची साल सोलावी, खोडाला पुन्हा धुमारे फुटतात. ‘कोकण तेज’ ही दापोलीची जात सर्वत्र परिचित आहे. अडचण झाडाची नसून साल सोलणाऱ्या हातांची आहे. ही कला शिकलेली माणसे थोडी आहेत, त्यामुळे पुष्कळ बागांत दालचिनीची केवळ पानेच विकली जातात.

मसाल्याच्या भावाविषयी एक इशारा आवश्यक आहे. २००० ते २००३ या काळात व्हॅनिलाचे भाव गगनाला भिडले तेव्हा केरळ-कर्नाटकातील सुपारी बागायतदारांनी पोफळींना व्हॅनिलाचे वेल लावले. गावोगाव रोपांचा धंदा झाला. २००४ नंतर भाव कोसळले आणि हाताने परागीकरण करावे लागणारे ते वेल तसेच सोडून दिले गेले. ज्यांनी त्यासाठी मिरी काढून टाकली होती त्यांचे नुकसान दुहेरी झाले. सुरणाचा भाव पडला तर सुरण खाता येतो, व्हॅनिला खाता येत नाही.

खताची बचत

आंतरपिकामुळे नारळाचे उत्पन्न घटते काय, हा प्रश्न बागायतदार नेहमी विचारतो. प्रयोगांचे उत्तर असे की आंतरपिकाला स्वतंत्र खत दिले तर घटत नाही, उलट खुरपणी, आच्छादन व पाण्यामुळे वाढते. स्वतंत्र खत न दिल्यास घटते.

कारण पोटॅशमध्ये आहे. मोठ्या माडाला वर्षाला ५०० ग्रॅम नत्र, ३२० ग्रॅम स्फुरद आणि १२०० ग्रॅम पालाश अशी शिफारस आहे. नत्राच्या दुपटीहून अधिक पालाश. कंदपिकांनाही कंद पोसण्यासाठी पालाशच अधिक लागते. दोघांची भूक एकाच अन्नावर, आणि जमीन जांभ्याची, जिच्यातून अडीच-तीन हजार मिलिमीटर पावसाबरोबर पालाश वाहून जाते. दहा गुंठ्यांतील अठरा माडांना वर्षाला २१.६ किलो, म्हणजे ३६ किलो म्युरेट ऑफ पोटॅश लागते. हेक्टरी १५० किलो पालाश या प्रमाणाने चाळीस टक्के क्षेत्रातील सुरणाला सहा किलो म्हणजे दहा किलो म्युरेट. आल्याला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे. ही वाढ एकंदर खर्चाच्या मानाने क्षुल्लक आहे. तरीही ‘माडाला घातलेले खत त्यालाही मिळेल’ या समजुतीने तेवढीच वाचवली जाते. पावसाळ्यापूर्वी एकदम न देता ते दोन-तीन हप्त्यांत द्यावे, एवढेच पथ्य.

पोफळीची बाग वेगळी

वरील बहुतेक हिशोब माडाचे आहेत. सुपारीला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. पोफळी २.७ मीटरवर असतात, हेक्टरी १३७१ झाडे. दोन ओळींत मुळांना जागा सोडून एक मीटरचा एकच वाफा कसाबसा बसतो, आणि मोठ्या बागेत खाली एक-तृतीयांश ते निम्मा प्रकाश मिळतो. येथे कंद पहिली चार-पाच वर्षेच, पुढे मिरी आणि केळी. लहान पोफळीला पश्चिमेचे तापते ऊन सोसत नाही, खोड भाजते, म्हणून केळ येथे उत्पन्नाआधी छत्रीचे काम करते. पावसाळ्यात सुपारीची कोळेरोगाने होणारी गळ आणि मिरीचा जलद मर या दोन्हींमागे ‘फायटोफ्थोरा’ गटातील रोगजंतू असून दोहोंवर एक टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी चालते. एकाच मजुरीत दोन पिके राखली जातात, हा मिरी-सुपारीच्या जोडीचा क्वचित सांगितला जाणारा फायदा.

वादळानंतरची बाग

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरुड, अलिबाग आणि रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड-दापोली परिसरातील माडा-पोफळींच्या बागा आडव्या झाल्या. श्रीवर्धनी रोठा सुपारीसाठी नाव असलेल्या गावांत पिढ्यांनी वाढवलेली झाडे एका दुपारी गेली. पुढच्याच वर्षी मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ किनाऱ्याजवळून गेले. नवी पोफळ फळायला पाच ते सात वर्षे, बाणवली माड त्याच सुमारास किंवा त्याहून उशिरा. बहुमजली बागेचा एक दोष येथे उघड होतो : वरचा मजला कोसळला की त्याच्या आधाराची मिरी जाते आणि सावलीची सवय असलेले जायफळ उन्हात उघडे पडते. जमिनीखालचे पीक मात्र पुढच्या एका पावसाळ्यात उभे करता येते.

पडलेली बाग प्रकाशाच्या दृष्टीने पुन्हा पहिल्या टप्प्यात आलेली असते. चाळीस वर्षांच्या बागेसाठी जुळवलेली पिके तिला लागू होत नाहीत. पहिल्या पावसाळ्यात ओंडके हलवून, ते कुजत ठेवून गेंड्या भुंग्याला घर न देता, नव्या रोपांच्या आळ्यांपासून दूर रताळे, सुरण व हळद घ्यावी आणि रोपांच्या नैर्ऋत्येला केळ लावावी. उभे राहिलेल्या जायफळांना झावळ्यांची तात्पुरती सावली करावी. मिरीसाठी माडाची वाट न पाहता बांधावर पांगारा किंवा गिरिपुष्पाचे खुंट रोवावेत, म्हणजे वेल जिवंत राहतो, आणि त्याचेच फाटे पुढे नव्या बुंध्यांवर चढवता येतात. नवी जायफळाची कलमे मात्र माडांची सावली पडू लागेपर्यंत लावू नयेत. भरपाईच्या रकमेतून ती सर्वांत आधी विकत घेण्याकडे कल असतो.